जुनी मारुती ८०० की जुनी सँट्रो झिंग?

भाचा गाडी शिकलाय. हाताशी पैसे थोडे, पण स्वतः पाना फिरवायची हौस दांडगी. घ्यायची कुठली, यावर तो अडलाय.

हौस भागवायला ८०० सरस. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा मिळते. प्लग, एअर फिल्टर, ऑइल, फॅन बेल्ट हे सगळं घरच्या अंगणात होतं. २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तरी गावोगावच्या मेकॅनिकला ही गाडी पाठ आहे. कार्ब्युरेटरवालं (इंजिनात हवा-पेट्रोल मिसळायची जुनी पद्धत) फारच जुनं मॉडेल मात्र टाळ.

सँट्रो झिंगचं १०८६ सीसी, चार सिलिंडरचं इंजिन घाटात दमत नाही. उंच आसनामुळे आजी-आजोबांना चढउतार सोपी. पण टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, कधी बदलला, हे विक्रेत्याला सांगता आलं नाही तर तो आधी बदलायचा, आणि ते काम नवशिक्यानं करू नये.

गंजाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. मॅट उचलून तळाचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघ, कोकणातली गाडी असेल तर दोनदा बघ. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा पैसे खातच राहतो. १५ वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का, तेही बघ.

गावातल्या गावात फिरून काम शिकायचं असेल तर ८०० घे. चौघांना घेऊन महिन्याला घाट चढायचा असेल तर सँट्रो.