डब्यावर १६५ वॅट, मीटरवर ४८: कोरलचा लाइट घेण्याआधी वाचा

नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मोजके, आणि कोरलचा (प्रवाळाचा) लाइट प्रत्यक्ष लावून दाखवणारे विक्रेते त्याहून मोजके. बहुतेकांना माल मागवूनच घ्यावा लागतो. फसवायला जागा मिळते ती इथेच.

हा प्रकार गंगापूर रोड भागातल्या एका घरातला. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. विक्रेत्याने ९,५०० रुपयांना लाइट दिला. डब्यावर छापलेलं: १६५ वॅट, फुल स्पेक्ट्रम, सर्व कोरल आणि अॅनिमोनसाठी. सोबत 'दुर्मिळ पांढरा' म्हणून जादा दराने एक बबल टिप अॅनिमोनही (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) गळ्यात मारला. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर 'लाइट १ नग' एवढंच लिहून मिळालं.

सुरुवातीचे काही दिवस टाकी झकास दिसली. या धंद्याची मेख हीच आहे. कोरल आणि अॅनिमोनच्या पेशींमध्ये झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल राहतं. प्रकाशावर ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. प्रकाश कमी पडला तरी यजमान लगेच मरत नाही, साठ्यावर आठवडे काढतो. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते. म्हणजे लक्षणं दिसेपर्यंत ती संपलेली असते आणि विक्रेता "तुमच्या पाण्यातच गडबड आहे" म्हणायला मोकळा.

इथेही तेच झालं. झोअँथिड या मऊ कोरलचे देठ उजेडाकडे ताणून लांब झाले. मशरूम कोरल ताटलीसारखे पसरून पातळ पडले. हिरवं असलेलं कोरल तपकिरी होत गेलं, कारण कमी उजेडात शैवाल आपली संख्या आणि रंगद्रव्यं वाढवतं. अॅनिमोन खडक सोडून काचेवरून वर सरकत गेला आणि शेवटी वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) जाळीत ओढला गेला. (अॅनिमोन प्रवाह न आवडल्यानेही फिरतो. पण तो सतत वरच जात असेल तर आधी लाइटवर संशय घ्या.) दरम्यान विक्रेत्याने प्रत्येक तक्रारीवर एक बाटली विकली: कोरल फूड, आयोडीन, ट्रेस एलिमेंट. बाटल्यांचा खर्च लाइटच्या निम्म्यावर गेला.

लाइट खरंच किती वीज ओढतो हे फुकटात कळतं. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी युनिटमागे किती पल्स, म्हणजे लुकलुक, ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरसुद्धा. इन्व्हर्टर चार्जिंगला वीज ओढतो हे लोक विसरतात. फक्त टाकीचा लाइट पूर्ण तेजावर ठेवा. सोसायटीत मीटर खाली असतात, म्हणून एकाने वर थांबावं आणि दुसऱ्याने खाली पाच मिनिटं लुकलुक मोजावी. ३२०० च्या मीटरवर त्या आकड्याला ३.७५ ने गुणलं की वॅट मिळतात. १६५ वॅटला ४४ पल्स यायला हव्यात. या लाइटला १३ आल्या. नंतर प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरने खात्री केली: ४८ वॅट.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. १६५ हा आकडा ५५ एलईडी गुणिले ३ वॅट असा येतो, आणि चिप पूर्ण क्षमतेने चालवत नसल्यामुळे बऱ्या बनावटीचे असे लाइटही प्रत्यक्षात शंभर-सव्वाशेच्या आसपासच ओढतात. ती बाजाराची रीत झाली. ४८ ही मात्र चोरी आहे.

मग चिप बघायच्या. लाइट बंद करून लेन्सखाली टॉर्च मारा. पांढऱ्या एलईडीवर फॉस्फर या चमकणाऱ्या लेपाचा पिवळा ठिपका दिसतो. रॉयल ब्लू आणि व्हायोलेट चिप बंद असताना पारदर्शक दिसतात. कोरलच्या लाइटमध्ये निम्म्याहून जास्त चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या असाव्यात, थोड्या ४२०च्या आणि थोड्या पांढऱ्या. या लाइटमध्ये सगळे ठिपके पिवळेच होते आणि वर निळसर प्लॅस्टिकची चकती बसवलेली होती. पांढऱ्यातला लाल-पिवळा भाग चकतीत अडवून उरलेला निळा दाखवायचा, म्हणजे आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी. एकाच चौकोनी चिपमध्ये तीन बारीक ठिपके दिसले तर ती सजावटीची रंगीत पट्टी समजा.

दुकानात लक्समीटर किंवा मोबाइलचं अॅप धरून "बघा, वीस हजार लक्स" म्हणतील. त्या आकड्याला भुलू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सर्वात जास्त दाद देतो आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. त्यामुळे स्वस्त पांढरा दिवा लक्सवर जिंकतो आणि चांगला निळा लाइट हरतो. विचारायचं ते पार (PAR), म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, शैवालाच्या कामी येणारा प्रकाश, आणि तो पाण्याखाली मोजलेला. सॉफ्ट कोरलला साधारण ५० ते १५०, एलपीएसला (मोठ्या पॉलिपच्या दगडी कोरलला) ७५ ते १५०, बबल टिप अॅनिमोनला शंभराच्या वर, एसपीएसला (बारीक पॉलिपच्या दगडी कोरलला) २०० ते ३५०. या टाकीत वाळूवर मधोमध ३४ आला, कोपऱ्यात १२. पारमीटर महाग असतो, तेव्हा चार-पाच जणांत मिळून एक घ्यावा. जुना वापरलेला घेत असाल तर तो फुल स्पेक्ट्रम सेन्सरचा आहे ना ते पाहा, कारण जुन्या पिढीचे सेन्सर निळा उजेड कमी दाखवतात.

नवा दमदार लाइट आणला तरी पहिल्या दिवशी पूर्ण तेजावर लावू नका. ३० टक्क्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वर न्या. उपाशी कोरल अचानक जास्त प्रकाशात पांढरं पडतं, आणि मग दोष नव्या लाइटवर जातो.

तो पांढरा अॅनिमोन दुर्मिळ नव्हताच. शैवाल गमावलेला, आजारी जीव होता. निरोगी बबल टिपला तपकिरी, हिरवट किंवा लालसर झाक असते. भडक पिवळे, गुलाबी अॅनिमोन अनेकदा रंग देऊन विकले जातात.

एलईडीऐवजी टी-५ ही बारीक ट्यूबलाइट घेतली तर तिथेही हातचलाखी चालते. हाय आउटपुट ट्यूब दोन फुटी २४ वॅट, तीन फुटी ३९, चार फुटी ५४ वॅटची. त्याच लांबीची घरगुती ट्यूब १४, २१ आणि २८ वॅटची. काचेवरचा छापा वाचा.

तक्रारीचं म्हणाल तर पक्क्या बिलाशिवाय हात बांधलेले. बिलावर मॉडेल, वॅट आणि वॉरंटी लिहून घ्या, डबा उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. "कोरलला कागद लागत नाही" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. दगडी कोरल, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, त्यामुळे बिनकागदाचा तुकडा घेतला तर तक्रारदाराचाच आरोपी होऊ शकतो.

परत न घेतलेला असा लाइट सम्पमधल्या (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतल्या) शैवालावर चालतो, चकती काढून. पण आधी त्याचा प्लग तपासा. या लाइटला दोनच पिना होत्या आणि वर धातूचं खोकं. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांचा प्लग बसवून खोक्याला अर्थिंग जोडून घ्या आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय तो पाण्यावर टांगू नका.