फ्युरा-२ एएम : स्वादुपिंडाच्या पेशींवर सहा वर्षे वापरल्यानंतर

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या स्वादुपिंडातील स्रावी पेशींवर काम चालते आणि गेली सहा वर्षे आम्ही कॅल्शियम मोजण्यासाठी मुख्यतः फ्युरा-२ एएम हेच रंजक वापरत आलो आहोत. नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी हे जुने रंजक घ्यावे की अधिक तेजस्वी असे नवे घ्यावे, हे वारंवार विचारतात, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रंजकाचे मोल पेशीच्या गरजेवरून ठरते. ही पेशी पाचक विकरे तयार करते, ती कणिकांत भरते आणि नलिकेकडच्या टोकाला रचून ठेवते. ती बाहेर सोडण्याचा हुकूम मात्र कॅल्शियम देते. पेशी शांत असताना पेशीद्रवात कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेर १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक. आतला साठा आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, आमच्या रोजच्या बोलण्यातल्या ‘ईआर’मध्ये असतो. सर्का नावाचा पंप पेशीची ऊर्जा (एटीपी) खर्चून तो सतत भरत राहतो आणि कॅलरेटिक्युलिनसारखी प्रथिने तिथले कॅल्शियम सैलसर धरून ठेवतात. पकड सैल असल्यामुळेच ते वेळेला चटकन सुटते. ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंकडून येणारे संकेत-रसायन पेशीला येऊन चिकटले की आयपी-३ हा लहानसा रेणू तयार होतो आणि तो या साठ्याचे दार उघडतो. आयपी-३मुळे साठ्यातले कॅल्शियम सुटते हे १९८३ मध्ये प्रथम दाखवले गेले, तेही स्वादुपिंडाच्या याच पेशींवर, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

फ्युरा-२ हे रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेतून १९८५ मध्ये पुढे आले. त्याला आलटूनपालटून ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा, ५१० नॅनोमीटरच्या आसपासची प्रतिदीप्ती टिपायची आणि दोन्हींचे गुणोत्तर काढायचे; कॅल्शियम वाढले की ते चढते. पेशी जाड आहे की पातळ, तिच्यात रंजक कमी गेले की जास्त, याचा परिणाम गुणोत्तरात बराचसा निघून जातो. स्रावी पेशीसाठी हा गुण निर्णायक आहे, कारण स्राव सोडताना तिचे आकारमान बदलते आणि एकाच तरंगलांबीवर चालणाऱ्या फ्लुओ-४सारख्या रंजकात तो बदलही कॅल्शियमचाच भासू शकतो. फ्लुओ-४ अधिक तेजस्वी आहे आणि त्याला अतिनील प्रकाश लागत नाही, हे मान्य. पण आकडा हवा असेल तर मी फ्युरा-२च निवडीन.

५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत तळाशी जेमतेम दिसेल असा फिकट पिवळा लेप असतो. त्यात ५० मायक्रोलिटर कोरडे डीएमएसओ (रंजक विरघळवणारा द्रव) घातले की १ मिलिमोलरचे द्रावण होते. कुपी फ्रीझरमधून काढल्याबरोबर उघडू नये, ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. पुण्याच्या पावसाळ्यात थंड काचेवर क्षणात दव धरते आणि ओलावा लागला की रंजकाला जोडलेले एस्टर, म्हणजे नावातले ‘एएम’, तुटू लागते. एस्टर पेशीत शिरल्यानंतरच तुटायला हवे, कारण तुटलेले रंजक आवरणातून आत जाऊच शकत नाही. आमची एक खेप शनिवार-रविवार कुरियरच्या वाघोलीतील गोदामात पडून राहिली आणि सोमवारी खोका उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट झालेल्या होत्या. त्या कुप्यांतले रंजक पेशींत जवळजवळ गेलेच नाही. तेव्हापासून आम्ही माल सोमवारीच रवाना करायला सांगतो.

दुसरा धडा एप्रिलमधला. एसी बंद पडला होता, खोली ३४ अंशांवर होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे ‘खोलीच्या तापमानाला’ अर्धा तास रंजक भरले. विश्रांतीचा आकडाच चढा येऊ लागला आणि ॲसिटिलकोलीन दिल्यावरची उसळी बुटकी दिसू लागली. उष्ण पेशीत रंजक ईआरसारख्या कप्प्यांतही शिरते आणि तिथल्या भरपूर कॅल्शियममुळे ते कायम संपृक्त राहते. डिजिटोनिनने बाहेरचे आवरण सच्छिद्र केल्यावरही पेशीत बरीच चमक उरली, तेव्हा खात्री पटली. आता आम्ही २२ ते २५ अंशांवर अंधारात ३० मिनिटे भरतो आणि धुऊन आणखी २० मिनिटे थांबतो.

एवढे सांभाळले की जे दिसते त्यासाठी सगळे कष्ट सोसावेत. ॲसिटिलकोलीनची अगदी हलकी मात्रा दिली होती. पडद्यावर कमी कॅल्शियम निळे आणि जास्त पिवळे दाखवले जात होते, आणि पेशी निळ्या होत्या. एका पेशीच्या कणिकांकडच्या टोकाला पिवळा ठिपका उमटला, विझला, पुन्हा उमटला. “मॅडम, हे टोकालाच थांबतंय, खाली उतरतच नाहीये,” असे शेजारी बसलेली विद्यार्थिनी म्हणाली. तिने अचूक टिपले होते. कणिकांच्या भोवती तंतुकणिकांचे कडे असते, ते पसरू पाहणारे कॅल्शियम शोषून घेते आणि हलका संकेत टोकापुरताच राहतो. मात्रा वाढवली तेव्हा तोच ठिपका लाटेसारखा तळापर्यंत पसरला. ही मर्यादा सुटून कॅल्शियम सर्वत्र दीर्घकाळ चढे राहिले तर विकरे पेशीच्या आतच जागी होतात; स्वादुपिंडदाहाच्या सुरुवातीचा तो एक मार्ग आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. फ्युरा-२ पेशीद्रव दाखवते, साठा दाखवत नाही. साठ्याचा अंदाज घेण्यासाठी पेशी कॅल्शियमविरहित द्रावणात ठेवून थॅप्सिगार्जिनने पंप बंद करावा लागतो. मग ईआरमधून झिरपणारे कॅल्शियम पेशीद्रवात मोजता येते. त्यानंतर बाहेर कॅल्शियम परत दिले की गुणोत्तर झपाट्याने चढते, कारण साठा रिता झाल्याची वर्दी स्टिम-१ हे प्रथिन आवरणातल्या ओराय-१ या मार्गिकेला देते. रोजच्या प्रयोगांना एवढे पुरते. साठाच प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर कॅल्शियमला सैल धरणारे मॅग-फ्युरा-२ त्यात भरून पेशीद्रवातले रंजक धुऊन टाकावे लागते, आणि त्या कामासाठी आम्ही आता त्याच्या दोन कुप्या मागवल्या आहेत.