धुपाची राळ: आगरची बशी की नळ्या?

कोकणातल्या कॉलेजात राळेची जंतुनाशक ताकद पाहायची तर हात आधी आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीकडे जातो. सोपं काम: जंतू पसरा, जेलीतल्या खड्ड्यात अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क घाला, ३७ अंशांवर रात्रभर ठेवा, सकाळी जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ मोजा. पण राळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओल्या आगरात नीट पसरत नाही. वर्तुळ लहान आलं म्हणून तिला कुचकामी ठरवणं अन्यायच. बिवळ्याच्या झाडाचा लाल, टॅनिनवाला डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तो मात्र तिथे उगाच भाव खातो.

मी जंतूंचं द्रव खाद्य भरलेल्या नळ्यांच्या बाजूने. अर्क दर नळीत निम्मा करत जायचं, जंतूंची वाढ कुठवर थांबते ते पाहायचं. राळेने द्रव गढुळला नि वाढ दिसेना, तर रेझाझुरिन हा निळा रंग घाला: गुलाबी झालं की जंतू जिवंत. नुसत्या अल्कोहोलची चाचणी दोन्हीकडे हवीच, नाहीतर श्रेय त्याचं असायचं!