जवसाचे लाडू चवीला छान, पण मनगटाचं औषध नव्हे

मी बेळगावच्या वडगावात २२ वर्षं ब्लाऊज शिवते. लग्नसराईत तुरपाई, हूक, पायपिंग, हाताला उसंत नसते. दिवाळीनंतर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली. दोन-अडीचला मुंग्यांनी जाग यायची, मग हात झटकत बसायचं. दिवसा सुई बोटांतून कधी निसटली ते खाली पडल्यावर कळायचं.

शेजारच्या वहिनींनी खडेबाजारातल्या एका घरगुती पदार्थांच्या दुकानातले जवसाचे लाडू आणून दिले. अर्धा किलो २६० रुपये. पाकिटावर छापलेलं, ‘मनगट, सांधे, हातदुखीवर खात्रीचा उपाय. रोज दोन.’ चव खरंच छान. खमंग भाजलेला जवस, खोबरं, गूळ, वेलची, तुपाचा हात सढळ. बोटानं दाबला की रवाळ फुटतो. जवस दळून घातलाय हेही चांगलं, कारण अख्खा दाणा पोटातून तसाच बाहेर पडतो. दीड महिना न चुकता खाल्ले. बधिरपणा होता तसाच.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, करंगळीला काही होत नाही ना? मनगटातून जाणारी एक नस दबते, तिच्या वाट्याला करंगळी येत नाही. कार्पल टनेल म्हणतात याला. मधुमेह असलेल्यांना आणि थायरॉईड कमी असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून रक्त तपासायला लावलं. थायरॉईड ठीक होतं. बी१२ जीवनसत्त्व मात्र १५८, म्हणजे कमी, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बी१२ कमी पडलं तरी हात बधिर होतात, आणि ते मिळतं अंडी, मासे, दुधातून. आमचं घर माळकरी, अंडी-मासे नाहीत, दूध चहापुरतं. जवसात बी१२ नसतंच. आणि साखर वाढलेली असताना मी औषध समजून रोज दोन लाडवांचा गूळ खात होते! लाडवावर माझा राग नाही, पाकिटावरच्या त्या ओळीवर आहे.

आता रात्री मनगटाला पट्टा, बी१२ची इंजेक्शनं, दोन्ही जेवणांत वाटीभर दही, गोड बंद. तीन महिन्यांत रात्रीची झोप परत मिळाली. सगळं एकदम सुरू केलं, त्यामुळे श्रेय एकट्या खाण्याला देणार नाही.

त्याच दुकानातली जवसाची चटणी मात्र जरूर घ्या. कानडीत अगसी चटणी. लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ, गूळ नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर चटणी आणि वर कच्चं शेंगतेल, दुसरं कोरड्यास नसलं तरी चालतं. जवसात ओमेगा-३ ही चांगली चरबी आहे. मासळीतून जे ओमेगा-३ थेट मिळतं ते शरीर जवसातून थोडंच तयार करतं, पण आमच्यासारख्यांना तेवढाच आधार. दळलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून लहान पाकीट घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या खेपेला चटणीला वास आला होता, पाकिटावर तारीखच नव्हती. दुकानातल्या काकांनी न बोलता बदलून दिली. लाडवाच्या पाकिटावरची ती ओळ काढा, हेही त्यांना समोरासमोर सांगून आले आहे.

चटणीला पाच तारे, लाडवाला तीन.