साधी सोन्याची अंगठी, रोज बोटात घालून आलेला अनुभव

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच आमचं, आता चतुर्थी पण आटपली, म्हणजे उन्हाळा-पावसाळा दोन्ही या अंगठीने काढले, म्हणून लिहिते. २२ कॅरेट, प्लेन बँड, रुंदी ३ मिमी, आतून गोलाई दिलेली (कम्फर्ट फिट), खडा नाही, नक्षी नाही. म्हापशात आमच्या नेहमीच्या शेटकडे (सोनाराकडे) घेतली.

घरी सगळ्यांचं एकच, लग्नाची अंगठी आहे, चार लोकांत उठून दिसायला नको का? मला मात्र आधीपासून वाटायचं की ही वस्तू रोज हातात राहिली पाहिजे, आणि माझा हात दिवसभर कामात असतो. मी लॅबमध्ये आहे, दिवसभर ग्लोव्ज घालायचे-काढायचे. बँडवरून ग्लोव्ज सरळ सरकतात. खडा असलेल्या अंगठीचे वर आलेले काटे त्यात अडकतात, ग्लोव्ज फाटतात, तसेच केसांत, ओढणीच्या जाळीत पण अडकतात.

खरा फरक चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) करताना दिसला. जाऊबाईंची अंगठी फारच सुंदर आहे, मधे मोठा खडा, बाजूने बारीक खडे, पण पीठ मळायला बसल्या की काढून देवघराच्या फळीवर ठेवायची. एकदा तशीच राहिली तर कणीक खड्याच्या मागे जाऊन बसली, मग कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश घेऊन बराच वेळ गेला. आता ती कपाटातच असते, लग्नकार्याला निघते. एवढी हौसेने घेतलेली वस्तू बोटात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

साध्या अंगठीचं सगळंच गोड आहे असं नाही हां. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, मऊ असतं, त्यामुळे बारीक चरे पडलेत आणि पहिली आरशासारखी चमक गेली, पॉलिश केलं की येते पण त्यात थोडं सोनं झिजतं म्हणून मी करत नाही. ह्यांचं काम वर्कशॉपमधलं म्हणून त्यांनी १८ कॅरेट घेतली, ७५ टक्के सोनं, जास्त कडक, तिच्यावर चरे कमी. तरी मशीनवर काम करताना ते काढूनच ठेवतात, अंगठी अडकली तर बोट जाऊ शकतं, तिथे हौस बघायची नाही.

माप देताना घाई करू नका. आपल्याकडे मे महिन्यात बोटं फुगतात, आणि समुद्राच्या थंड पाण्यात आखडतात, अंगठी कधी निसटली कळत पण नाही. मिरामारला पाण्यात उतरायच्या आधी मी काढते. मे मध्ये घट्ट झाली तेव्हा शेटने थोडी वाढवून दिली, प्लेन असल्यामुळे सहज झालं. सगळीकडून खडे असलेल्या अंगठीचं माप बदलणं कठीण असतं.

बिलात सोन्याचं नेट वजन आणि खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या, घडणावळ किती ते पण विचारा, कारण मोडायला गेलात की घडणावळ परत येत नाही आणि बारीक खड्यांचं सहसा काहीच मिळत नाही. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. बीआयएस केअर या सरकारी ॲपवर नंबर टाकून दुकानातच बघा, शेट ओळखीचा असला तरी.