टोबॅगोत मुक्काम: क्राउन पॉइंट की कास्टारा?

टोबॅगोला जायचं नक्की झालं, विमानाचं जमलं, की पुढचा प्रश्न असतो तो उतरायचं कुठे याचा. त्रिनिदादशेजारचं हे कॅरिबियन बेट एवढंसं, सुमारे 300 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. नकाशा बघितला की वाटतं, कुठेही राहा, काय फरक पडतो? पडतो. मधोमध डोंगराची रांग आहे आणि रस्ते तिच्या कलाने जातात, त्यामुळे नकाशावरचं बोटभर अंतर गाडीत बसल्यावर तासभर संपत नाही.

मोठी रिसॉर्टं इथे विचारात घेतलेली नाहीत. घरमालक स्वतः चालवतात अशी चार-सहा खोल्यांची जागा हवी असेल, तर दोन नावं सारखी पुढे येतात: नैऋत्य टोकाचं क्राउन पॉइंट आणि कॅरिबियन समुद्राच्या बाजूचं, कोळ्यांचं गाव कास्टारा. शार्लटव्हिलही सुंदर आहे, पण ते बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या खेपेला तिथे मुक्काम ठोकू नये, दिवसभरासाठी जाऊन यावं असं माझं मत. आम्ही एकाच सहलीत दोन्हीकडे राहिलो, आधी क्राउन पॉइंटला आणि मग कास्टाराला. आम्ही म्हणजे मी, बायको आणि बायकोचे मामा. मामांची सत्तरी उलटलेली, उत्साह दांडगा, गुडघे मात्र कुरकुरणारे. बायको शाकाहारी, मी आणि मामा मासेखाऊ. ही माहिती मुद्दाम देतो आहे, कारण तुमच्या घरची गणितं वेगळी असतील तर निष्कर्षही वेगळा निघेल.

पोहोचण्याच्या सोयीत क्राउन पॉइंटला तोड नाही. विमानतळच गावात आहे. त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनहून निघालेलं छोटं पंख्याचं विमान वीस-पंचवीस मिनिटांत उतरवतं, आणि बऱ्याच गेस्टहाउसांपर्यंत बॅग ओढत चालत जाता येतं. फेरीबोटही आहे, पण ती स्कार्बरोला, टोबॅगोच्या मुख्य गावाला लागते, साडेतीन-चार तास घेते आणि समुद्र खवळलेला असेल तर पोटातलं सगळं ढवळून काढते. मामांनी बोटीचा आग्रह धरला होता. आम्ही तो नम्रपणे मोडून काढला.

आणि समुद्र दाराशी. स्टोअर बे चालत पाच-दहा मिनिटांवर, तिथून तळाला काच लावलेल्या बोटी बुकू रीफ या प्रवाळाच्या पट्ट्याला आणि नायलॉन पूलच्या उथळ निळ्या पाण्यात नेतात. हा रीफ 1973 पासून संरक्षित आहे. बोटवाले कधीकधी पायात घालायला रबरी बूट देतात, पण ते दिले म्हणजे प्रवाळावर चालायची परवानगी मिळाली असं समजू नका. पिजन पॉइंटला प्रवेशशुल्क आहे, पण पोस्टकार्डावरचा तो गवताच्या छपराचा धक्का बघायचा असेल तर एकदा द्यावं. ईस्टरच्या सुमारास जाणार असाल तर बुकूच्या बोकडांच्या शर्यती याच बाजूला होतात, 1925 पासून. जॉकी बोकडावर बसत नाही, दोरी धरून मागे पळतो. मामा ते ऐकूनच खूश झाले होते. मात्र त्या आठवड्यात निम्मं त्रिनिदाद टोबॅगोत उतरतं, त्यामुळे खोली खूप आधी धरावी लागते.

कास्टाराला जायचं म्हणजे गाडी करावी लागते. ज्या गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला ‘एच’ ती अधिकृत टॅक्सी, ‘आर’ असेल तर भाड्याने स्वतः चालवायची. सरकारी बसही आहे, पण ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, तिकीट आधी काढून ठेवावं लागतं, आणि बसच्या वेळेवर दिवसाचा बेत बांधण्यात अर्थ नाही. गाडी डावीकडून चालते, म्हणजे आपल्याला सवयीची. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला झाडीत हरवलेला उतार. पावसाळ्यात वरंध घाटातून गाडी नेलेल्या माणसाला नवीन काही वाटणार नाही. नवख्याने मात्र अंधार पडायच्या आत पोहोचावं. तिथे वर्षभर सहा-साडेसहाला काळोख होतो.

गाव छोटं. दोन किनारे, मोठा आणि धाकटा, मध्ये खडकांचं टोक. मोठ्यावर कोळ्यांच्या होड्या, सकाळी रापण ओढायचं काम. हात लावायला गेलात तर कोणी नको म्हणत नाही. किनाऱ्याजवळच मातीची भट्टी आहे, गावातल्या बायका आठवड्यातल्या ठरावीक दिवशी त्यात पाव भाजतात. नारळाचा पाव गरम असतानाच घ्यावा, नंतर त्याची मजा निम्मी होते. पायऱ्यांचं मात्र आधीच सांगून ठेवतो. इथली बहुतेक घरं डोंगराच्या उतारावर, त्यामुळे गच्चीतून दिसणारा समुद्र जितका सुंदर, तितक्या जास्त पायऱ्या. मामा दिवसातून एकदाच खाली उतरत आणि एकदाच वर येत. मधल्या वेळात सामान आणायचं काम माझ्याकडे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की क्राउन पॉइंट सरळ पुढे आहे. सोयींची यादी केली तर आहेच. पण माझा कौल सोयींनी ठरला नाही, चहाने ठरला. हसू नका, पुढे वाचा.

टोबॅगोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. भारतातून गेलेला माणूस पहिले काही दिवस पहाटे तीन-साडेतीनला टक्क जागा होतो. झोप पूर्ण झालेली, बाहेर मिट्ट काळोख, आणि शरीर दुपारच्या चहाची वाट बघतंय. क्राउन पॉइंटचं आमचं गेस्टहाउस स्वच्छ, मालकीण बोलकी आणि मनाने चांगली, नाश्ता भाड्यात धरलेला. फक्त स्वयंपाकघर सामाईक होतं आणि ते सकाळी आठला उघडायचं. दारावर तसा कागद चिकटवलेला. संध्याकाळी सातला पुन्हा कुलूप. खोलीत फ्रिज होता, एसी होता, टीव्ही होता. पाणी उकळायला काही नव्हतं. घरून आणलेली किटली बायकोने मोठ्या आशेने काढली, पण तिथली वीज 115 व्होल्टची. आपली 230 व्होल्टची किटली त्यावर फार मंद तापते, आमची तर कोमट होण्यापलीकडे गेलीच नाही. प्लगचे दोन चपटे पाय असतात, त्यासाठीचं अडॅप्टर आमच्याकडे होतं, पण अडॅप्टर व्होल्टेज वाढवत नाही.

साडेतीन ते आठ. मामा पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्या बंद दाराकडे बघत बसायचे, हातात चहापत्तीचा डबा. एकदा म्हणाले, ‘‘जावईबापू, विमानतळ एवढा जवळ आहे, तिथे तरी मिळेल का हो?’’ मिळत नाही त्या वेळी. बाहेर चालत फिरलं तर काहीच उघडं नसतं. डबल्सची गाडी लागेपर्यंत उजाडलेलं असतं. (डबल्स मात्र चुकवू नका. दोन मऊ ‘बारा’ म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मध्ये मसालेदार छोले, वर काकडी आणि तिखट चटणी. बायकोचा त्या बाजूचा एकमेव खात्रीचा नाश्ता.)

चहा नसणं एवढाच प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. त्या एका कुलपाने सगळा दिवस बांधला जातो. मेन रिजच्या, म्हणजे त्या मधल्या डोंगररांगेवरच्या जंगलात पक्षी बघायचे तर उजाडताना तिथे असावं लागतं. 1776 पासून कायद्याने राखलेलं जंगल आहे ते, पश्चिम गोलार्धातलं सर्वांत जुनं. म्हणजे निघायचं पहाटे, उपाशीपोटी. आणि रात्री सातनंतर खोलीतच काही करून खायची सोय नाही, म्हणजे रोज बाहेर. स्टोअर बेच्या टपऱ्यांवर खेकडा आणि डंपलिंग हा टोबॅगोचा खास पदार्थ मिळतो, मी आणि मामा त्यावर तुटून पडलो. बायकोच्या वाट्याला मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), तळलेले बटाटे आणि पुन्हा मॅकरोनी पाय. काललू अळूच्या पानांचं, नारळाच्या दुधातलं, भेंडी घातलेलं. शाकाहारी माणसाला ते बघूनच घर आठवावं, पण त्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

कास्टाराची जागा म्हणजे एक खोली, गच्ची आणि गच्चीला लागून ओटा. गॅसची शेगडी, दोन पातेली, एक तवा, काडेपेटी. नाश्ता वगैरे काही नाही, मालकीण किल्ली देऊन खालच्या घरात गेली. पहिल्याच पहाटे चार वाजता चहा झाला. दूध पावडरचं, आलं स्कार्बरोच्या बाजारातलं. कप घेऊन गच्चीत बसलो, खाली होड्यांचे दिवे हलताना दिसत होते. पाचच्या पुढे कोक्रिको सुरू झाले. हा टोबॅगोचा राष्ट्रीय पक्षी, कोंबडीएवढा, तपकिरी, आणि आवाज असा की शेजारच्या गच्चीवर कोणी भांडतंय असं वाटावं. एकाने सुरुवात केली की सगळा डोंगर उत्तर देतो. कास्टाराची ही तक्रार मी नोंदवून ठेवतो, हलकी झोप असणाऱ्याने विचार करावा. आम्ही तोवर दुसऱ्या कपावर होतो, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

जेवणाचं तर नशीबच फळफळलं. त्रिनिदादला 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर उतरले. टोबॅगोत भारतीय वंशाची वस्ती थोडीच, तरी दुकानाच्या फळीवर जिरे, हळद, बासमती आणि डाळ असतेच. डाळ म्हणजे बहुधा पिवळ्या वाटाण्याची, आपल्या तुरीसारखी गुळगुळीत शिजत नाही, पण फोडणी घातल्यावर चालून जाते. हिंग मात्र घरून न्या. स्कार्बरोच्या बाजारात भेंडी, कारली, भोपळा, चवळीच्या लांब शेंगा आणि अळूची पानं मिळाली. बायकोने खेकडाविरहित काललू स्वतः केलं, खरं तर अळूचं फदफदंच. मामांनी भातावर घेऊन तीनदा मागितलं. मासा मला आणि मामांना होडीवरूनच मिळाला, साफ करूनसुद्धा दिला.

पैशाचं म्हणाल तर कास्टाराची खोली रात्रीमागे थोडी महाग पडली आणि गाडीचं भाडं वेगळं. बाहेर जेवण्याचा खर्च वाचला त्यात ते जवळपास फिटलं असावं, हिशेब मी ठेवला नाही. एसी नव्हता, जाळीच्या खिडक्या आणि पंखा. डास संध्याकाळी त्रास देतात, क्राउन पॉइंटलाही देतात. शनिवारी रात्री क्राउन पॉइंटला बारमधलं सोका संगीत उशिरापर्यंत चालतं, खिडकीच्या काचपट्ट्या थरथरतात. तिशीतल्या जोडप्याला हेच हवं असेल, मग माझं ऐकू नका.

ऋतूचा फरक दोन्हीकडे सारखाच. जानेवारी ते मे कोरडा. टोबॅगो दक्षिणेला असल्याने हरिकेनं सहसा उत्तरेकडून निघून जातात, पण सहसाच. 1963 च्या फ्लोराने बेटाची शेती झोपवली होती आणि मेन रिजचं जंगलही मोडून टाकलं होतं. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतर वाढलेलं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याने रद्द करता येईल असंच बुकिंग करावं.

क्राउन पॉइंट कोणी घ्यावं? ज्यांचे गुडघे मामांपेक्षाही वाईट आहेत, ज्यांना गाडी चालवायची नाही, ज्यांच्याकडे दोनच रात्री आहेत. यात कमीपणा काही नाही. पहिली किंवा शेवटची रात्र तर मी स्वतः पुन्हा तिथेच काढेन, विमान सकाळचं असेल तर नक्कीच. मधले दिवस मात्र कास्टाराला, निदान आमच्यासारखं कुटुंब असेल तर.

कुठेही राहा, पैसे भरण्याआधी मालकिणीला एक फोन किंवा मेसेज करा. सुरुवात ‘गुड मॉर्निंग’ने करा, टोबॅगोत त्याशिवाय मुद्द्यावर येणं उद्धटपणाचं समजतात. मग विचारा: शेगडी खोलीतली की सामाईक, सामाईक असेल तर कुलूप किती ते किती, रस्त्यापासून पायऱ्या किती, टाकीचं पाणी दिवसभर असतं का. शेवटचा प्रश्न कोरड्या महिन्यांत महत्त्वाचा, नळाला पाणी रोज येईलच असं नाही. सगळ्याची उत्तरं समाधानकारक आली, तरी चहाचं गाळणं घरून न्या. तिथल्या ओट्यावर सगळं होतं, तेवढं नव्हतं, आणि स्कार्बरोच्या दुकानदाराला आम्ही काय मागतोय हे हातवारे करूनही कळलं नाही.