पिकअपला गचका: आधी कार्बोरेटर उघडावा की करंट तपासावा?

जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी पाय दाबताच क्षणभर गप्प होते, गचका खाते आणि मग उचलते. अशा वेळी हात आधी कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, जातो. पण दोष पेट्रोलचा की करंटचा, हे काही न खोलताही बरेचसे कळते.

गचका फक्त पाय दाबल्याच्या क्षणी बसत असेल आणि पुढे गाडी साफ पळत असेल, तर संशय दोघांवर: अ‍ॅक्सिलरेटर पंप (पाय दाबताच जादा पेट्रोल मारणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप) आणि डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा). आंबा घाट चढताना दाबलेल्या पायावर दम तुटत जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पेट्रोल कमी पोचते आहे. फिल्टर, पेट्रोल पंप, फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल मोजके ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि टाकीतले पाणी पाहा.

अ‍ॅक्सिलरेटर पंप असा तपासा. इंजिन बंद आणि थंड, एअर फिल्टर काढलेला, चोकची झडप उघडी. टॉर्चच्या उजेडात आत पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने ओढा. दांडा हलताक्षणी पेट्रोलची सलग धार दिसली पाहिजे. धार उशिरा आली, तुटक आली किंवा आलीच नाही, तर डायफ्राम कडक झालाय, नाहीतर नोझल तुंबलंय. फ्लोटची वाटी कोरडी असली तरी धार येत नाही, म्हणून तेही पाहा.

धार चांगली असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडच्या टोकाने काढून तोंडाने ओढा. कॅपखालची प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ धरली पाहिजे. हवा येतच राहिली तर डायफ्राम किंवा नळी फाटली आहे. पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) गाडीत पॉइंटमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. किनाऱ्यावर करंटचा संशय जास्त धरावा: खारी हवा टर्मिनलवर हिरवट थर चढवते आणि पावसाळ्यात दमट कॅपमधून करंट भलतीकडे फुटतो. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन पाहा, करंट फुटत असेल तर प्लगच्या वायरीवर ठिणग्या दिसतील.

दोष कार्बोरेटरचाच निघाला तर पुढचा प्रश्न: दुरुस्तीचे किट की नवा कार्बोरेटर?

किट स्वस्त, आणि बहुतेक वेळा तेवढेच लागते. डायफ्राम, निडल (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई), गॅस्केट नवी होतात, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) धुऊन निघतात. गावच्या घरी पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत पांढरी भुकटी सापडते. ती पाण्याची करामत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा शोषते आणि जुन्या रबरालाही सोसत नाही, म्हणून किट इथेनॉल चालणारेच मागा. जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठे झाले की मिश्रणाचा हिशोब कायमचा बिघडतो.

किट जे दुरुस्त करू शकत नाही ते म्हणजे झिजलेला थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते तो आस. तो बोटांनी खडखडत असेल तर तिथून हवा शिरते. बुश (झिजलेल्या जागी बसणारी कडी) घालून देणारा चांगला कारागीर मिळाला तर तेच करा. नवा कार्बोरेटर तेव्हाच घ्यावा, जेव्हा बुड (इंजिनावर बसणारी खालची बाजू) वाकलेले असेल किंवा आतला धातू गंजाने खाल्ला असेल. बाजारातल्या नव्या कार्बोरेटरचे जेट आणि लिंकेज (दांड्यांची जोडणी) तुमच्या इंजिनाशी जुळतीलच असे नाही, जुन्याचे आकडे लिहून ठेवून ताडून पाहा. बसवताना नट थोडेथोडे, आळीपाळीने आवळा. एका बाजूने जोर लावला की नवे बुडही वाकते आणि हवा पुन्हा शिरते.